मुकादमाच्या शूचा पंचनामा

आमच्या बोक्याला शू नीट होत नाहीये, हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. ही बढाई नाही. घरात कोण किती वेळा आणि किती शू करतं यावर लक्ष ठेवणं हा गेली साडेतीन वर्षं माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. मुलगी झाली त्या आठवड्यात मी एक वही सुरू केली. वेळ, प्रमाण, रंग, शेरा असे चार रकाने आखले. माझी पदवी संख्याशास्त्रातली आहे. तिचा आजवर झालेला उपयोग म्हणजे ही वही.

बोक्याचं नाव मुकादम. घरात कोणीही कामाला लागलं की तो समोर येऊन बसतो, पाय अंगाखाली घेतो आणि काम संपेपर्यंत नापसंतीने बघत राहतो. स्वतः त्याने आजवर इकडची काडी तिकडे केलेली नाही. नाव नवऱ्याने ठेवलं. त्याच्या ऑफिसात एक साहेब हुबेहूब असेच आहेत म्हणे, फक्त त्यांना शेपूट नाही.

तर हा मुकादम एका सकाळी अकरा वेळा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला. अकरा वेळा उकरलं, अकरा वेळा तोंड वाकडं केलं, आणि फळ काय, तर नाण्याएवढे तीन ओले ठिपके. मी नवऱ्याला दाखवले. तो म्हणाला, दर दहा मिनिटांनी तपासून बघायची सवय त्याला तुझ्याकडूनच लागली असणार. सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, ठिपके पाहिले, चष्मा काढला आणि सांगितलं, "आमच्या वेळी मांजरं आजारी पडत नसत. एक दिवस दिसेनाशी होत."

हे धीर देण्यासाठी होतं.

मुलीला मी काहीच सांगितलं नाही. ती जन्मली तेव्हा मुकादम घरात आधीपासून होता, त्यामुळे तो तिला घराचा मूळ मालक वाटतो. तिचा जगातला पहिला शब्द 'आई' नव्हता, 'मू' होता. नऊ महिने पोटात मी वाढवली, हाक मात्र त्याला. मी ते मनाला लावून घेतलं नाही. वहीत तारीख टाकून नोंद केली, एवढंच.

बातमी खालच्या मजल्यावर पोचायला अर्धा तास लागला आणि खडेकाका वर आले. त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. काका कोर्टात कारकून होते. निवृत्तीच्या वर्षी त्यांना मुतखडा झाला, तो पडला, आणि तो त्यांनी जपून ठेवला. अंगठीच्या मखमली डबीत, कापसावर, मसुराच्या दाण्याएवढा करडा खडा. आलेल्या पाहुण्याला आधी पाणी, मग डबी, असा त्यांच्याकडचा शिरस्ता आहे.

काकांनी मुकादमाचं बसणं दोन मिनिटं पाहिलं आणि निदान केलं.

"खडा. बसण्यावरून सांगतो, सूनबाई. मी असाच बसायचो."

उपायही त्यांच्याकडे तयार होता: पाणी भरपूर प्यायचं आणि जिन्यावरून उड्या मारत उतरायचं, म्हणजे खडा आपोआप खाली सरकतो. मुकादम उड्या मारायला तयार नव्हता. मग काकांनी त्याला काखेत घेतलं आणि स्वतःच चार मजले उड्या मारत उतरले. दोनदा. मुकादमाला हा प्रकार आवडला असावा, कारण दुसरं कोणीतरी राबत होतं. संध्याकाळी काकांचे गुडघे सुजले. समोरच्या वहिनींनी सांगितलं की मांजराला सातूचं पाणी द्या. ते मी करून ठेवलं. ते नवरा चुकून प्यायला आणि त्याला मात्र छान शू झाली.

तिसऱ्या दिवशी मुकादमाला टोपलीत घालून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. इतक्या शांत की मला त्यांच्यावर संशय यायला लागला. मी वही उघडून गेल्या तीन दिवसांची आकडेवारी वाचून दाखवत होते आणि त्या मुकादमाचं पोट चाचपत होत्या. माझं वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, मूत्राशय तट्ट झालेलं नाही, म्हणजे अजून अडलेलं नाही. खडे असतील किंवा नुसतीच आतून आग असेल. एक्स-रे काढणारे गृहस्थ रजेवर होते, ते सोमवारी येणार. तोवर लघवी तपासून घेऊ.

मग त्यांनी आवाज न बदलता एक गोष्ट सांगितली. बोक्यांची वाट फार अरुंद असते. खडा वाटेत अडकला आणि एक दिवस शू झाली नाही, की विष अंगात भिनतं. दुसरा दिवस बघायला मिळेलच असं नाही.

मी वही मिटली. टोपलीच्या जाळीतून मुलीने आपलं बोट आत घातलं होतं आणि मुकादम ते चाटत होता.

नमुना घ्यायची पद्धत सोपी होती, म्हणजे सांगायला सोपी. डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टिकच्या मण्यांची एक पुडी दिली. ट्रेमधली वाळू काढायची, मणी पसरायचे. ते ओल शोषत नाहीत. बोक्याची शू झाली की पिचकारीने ओढायची आणि बाटलीत भरायची.

मी मुकादमाला बाथरूममध्ये घेतलं, ट्रे ठेवला, मणी पसरले आणि बोक्याकडे पाहत उभी राहिले. तो माझ्याकडे पाहत बसला. असा अर्धा तास गेला. आणि मग मला आठवलं की या विषयात माझा हात धरणारं घरात कोणी नाही. मुलीला लंगोटातून बाहेर काढून जेमतेम महिना झाला होता, आणि तो विजय मी एका साध्या उपायावर मिळवला होता: नळ बारीक सोडायचा, आणि शेजारी उभं राहून न थकता 'शूऽऽ, शूऽऽ' म्हणायचं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आया हेच म्हणत आल्या आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ऐकलं आहे. मी पुस्तकं वाचून सात आधुनिक पद्धती करून पाहिल्या होत्या. लागू पडली ती ही आठवी, फुकटची.

तर मी नळ सोडला आणि 'शूऽऽ' म्हणायला लागले. दहा मिनिटं म्हटलं, वीस मिनिटं म्हटलं. मुकादमाने डोळे मिटले. बाहेरच्या खोलीतून सासूबाई दोनदा उठून दुसऱ्या बाथरूममध्ये जाऊन आल्या आणि तिसऱ्यांदा जाताना म्हणाल्या, "पुरे कर गं आता, म्हाताऱ्या माणसाचा तरी विचार कर."

तेवढ्यात फोन वाजला. नवरा ऑफिसातून विचारत होता, झाली का? मी फोन घ्यायला बाहेर गेले. दोन मिनिटं, फार तर तीन. साडेतीन वर्षांच्या सेवेत मी पापणी मिटली ती एवढीच. परत आले तर ट्रेमध्ये मण्यांवर स्वच्छ, पिवळसर, चांगलं वाटीभर तळं साचलेलं होतं. मुकादम नळाखाली पंजा धूत होता. मुलगी दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, कारण आमच्या घरात शू झाली की टाळ्या वाजवायच्या अशी पद्धत मीच पाडली आहे.

तीन दिवस थेंबाला महाग झालेला बोका एकदम वाटीभर कसा, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडला असता. मला पडला नाही. मला वाटलं, हा मातृत्वाचा विजय आहे. मीही टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यातलं तपासणीचं यंत्र बंद होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देऊन मला कोपऱ्यावरच्या माणसांच्या लॅबमध्ये पाठवलं. तिथे संगणकासमोर एक बाई होत्या. त्यांच्याकडून चूक होण्याची सोय नव्हती, कारण त्या मान वर करतच नव्हत्या. पेशंटचं नाव? मुकादम. आडनाव? आडनाव नाही म्हटलं, तर रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आमचं आडनाव लावलं. वडिलांचं नाव? नवऱ्याचं दिलं. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. वय पाच. वजन?

"चार किलो दोनशे," मी म्हणाले.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. मागे रांगेतल्या दोघीतिघींनीही माझ्याकडे पाहिलं.

"पाच वर्षांचा, आणि चार किलो?"

"अहो, मांजर आहे ते."

"असं बोलू नये हो, ताई," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "किरकोळ असलं तरी आपलंच मूल असतं."

चिठ्ठी दाखवेपर्यंत मागच्या बाईंनी मला मुलांच्या एका चांगल्या डॉक्टरांचा नंबरही लिहून दिला होता.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. खडे नाहीत, कण नाहीत, रक्त नाही, जंतू नाहीत. तळाशी छापलं होतं: 'सर्व मूल्ये वयास अनुरूप'. इतका निष्कलंक कागद मी माझ्या स्वतःच्या लग्नाआधीच्या चौकशीतही पाहिला नव्हता. डॉक्टरीणबाई तो बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या की इतकं साफ असेल तर खडे नसावेत, एक्स-रेचा त्रास सध्या नको. काही मांजरांना मानसिक ताणामुळे असं होतं. आग शमवणारं औषध देते. आणि मग त्यांनी विचारलं, "घरात काही ताण आहे का?"

हा प्रश्न आमच्या घरी घेऊन जाण्यासारखा नव्हता, पण मी नेला.

सासूबाईंनी तो स्वतःवर घेतला. मी टीव्ही मोठ्याने लावते, असंच म्हणायचंय ना तुझ्या डॉक्टरणीला, सरळ सांग की. नवऱ्याला तो त्याच्यावर वाटला, कारण आदल्या आठवड्यात मुकादमाला त्याने उशीवरून ढकललं होतं. मला काही वाटायचं कारण नव्हतं, कारण दोघांनीही एकमताने सांगितलं की घरात ताण असेल तर तो माझ्यापासूनच सुरू होतो. बोका दिवसभर कोणाच्या सहवासात असतो? वही घेऊन त्याच्या मागे कोण फिरतं? कोणीतरी वही घेऊन तुझ्या मागे फिरलं तर तुला होईल का?

तेव्हापासून आमच्या घरात पाच दिवस आदर्श कौटुंबिक जीवन चाललं. सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत आणि कोण काय बोललं असेल ते अंदाजाने ठरवत. नवरा घरात शिरताना चपला हातात घेई. भांडण आलंच तर आम्ही दोघं गॅलरीत जाऊन, दार लावून, हळू आवाजात भांडत होतो. आणि इतक्या हळू भांडायचं म्हणजे मुद्दे नेमके मांडावे लागतात, त्यामुळे बरीच जुनी भांडणं त्या आठवड्यात निकालात निघाली. "आपलं चुकलं हं," असं सासूबाई मला पहिल्यांदा म्हणाल्या, आणि म्हणताना बोक्याकडे बघत होत्या. खडेकाकांना येताना डबी आणू नका असं सांगावं लागलं. ते तीन दिवस आलेच नाहीत.

मुकादम या सगळ्याची देखरेख करत होता. पण ट्रेकडे त्याच्या फेऱ्या चालूच होत्या. मी त्या दाराच्या फटीतून मोजत होते, कारण वही दाखवायला बंदी होती.

सहाव्या दिवशी सकाळी तो ट्रेमध्ये बसला आणि उठलाच नाही. एक लांब, खालच्या पट्टीतला आवाज काढला. असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. पोटाला हात लावला तर लिंबाएवढं टणक काहीतरी हाताला लागलं. मुलीने तिची वाटी त्याच्यासमोर ठेवली, त्याने मान फिरवली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मू माझ्यावर रागावलाय."

टोपली मी उचलली, मुलीला नवऱ्याने उचललं, सासूबाई विचारल्याशिवाय रिक्षात बसल्या. जिन्यात खडेकाका भेटले. त्यांना सांगायची गरज पडली नाही, तेही आले.

या वेळी डॉक्टरीणबाई शांत नव्हत्या. त्यांनी मुकादमाला आत नेलं, नळी घालून आधी त्याची वाट मोकळी केली, मग एक्स-रे काढला. आम्ही पाचही जण त्या छोट्या खोलीत दाटीवाटीने उभे होतो. एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा शाळेत न गेलेल्या माणसालाही कळलं असतं. मूत्राशयात पांढरेशुभ्र खडे. नऊ. एक वाटेच्या तोंडाशी.

"नऊ?" काका म्हणाले, आणि खिशातल्या डबीवरचा त्यांचा हात आपोआप बाहेर आला.

डॉक्टरीणबाईंच्या एका हातात एक्स-रे होता आणि दुसऱ्या हातात लॅबचा रिपोर्ट. एकदा हे, एकदा ते, असं त्या बघत राहिल्या. असं होऊच शकत नाही, त्या म्हणाल्या. इतके खडे असताना एकही कण नाही, रक्ताचा मागमूस नाही? लॅबवाल्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली असणार. मला एकदम जोर आला. मी सांगितलं की नमुना घेण्यात कसूर नव्हती, मी स्वतः तासभर उभी होते, नळ सोडला होता, सगळं डोळ्यांत तेल घालून केलं होतं. लॅबमधल्या त्या बाईंबद्दलही मी दोन वाक्यं बोलले. नवऱ्याने फोनही काढला.

मुलगी त्याच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. साधी माहिती होती.

"ती मी केली होती," ती म्हणाली. "आई शू म्हणाली, मग मी केली. मूच्या डब्यात."

नवऱ्याने फोन खिशात ठेवला. काकांनी छताकडे पाहिलं. सासूबाई बाकावर बसल्या आणि कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मी पाच दिवस टीव्ही उगाच बंद ठेवला."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची घडी घातली. "मुलीची तब्येत उत्तम आहे," त्या म्हणाल्या, आणि शस्त्रक्रियेची तयारी करायला आत गेल्या.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. हसण्यासारखं होतं, आणि पुढे आयुष्यभर सगळे हसणार होते हेही मला दिसत होतं. पण आत तो टेबलावर होता, आणि ते वाया गेलेले पाच दिवस माझ्या खात्यावर होते. घरात सगळ्यांवर नजर ठेवणारी मी. ज्या तीन मिनिटांत बघायला हवं होतं त्या तीन मिनिटांत नव्हते, आणि मग जे दिसलं ते मला हवं तसं वाचलं. मुलगी येऊन शेजारी बसली. तिला वाटलं, मला कोणीतरी रागावलंय. तिने माझ्या पाठीवर थोपटलं, जसं मी तिला थोपटते, जरा जोरात.

मुकादम वाचला. दोन तासांनी त्याने डोळे उघडले, खोलीत सगळे नुसते उभे आहेत हे पाहिलं आणि नापसंतीने परत मिटले. नऊ खडे बाटलीत घालून आमच्या हाती दिले. सगळ्यांत मोठा वाटाण्याएवढा होता. खडेकाकांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. एवढ्याशा जनावराने एवढं सोसलं आणि तक्रार केली नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. त्यांच्याकडे आता पाहुण्यांना नुसतं पाणी मिळतं असं समोरच्या वहिनी सांगतात.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तीन आठवड्यांनी पुन्हा लघवी तपासायची होती, आणि पुडी देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या वेळी नमुन्यावर आणखी कोणाची तरी नजर असू द्या. त्या सहज म्हणाल्या असतील. खडेकाका चाळीस वर्षं कोर्टात होते. त्यांच्या आयुष्यात सहज काही नसतं.

रविवारी सकाळी रीतसर पंच बसले: नवरा, सासूबाई आणि काका. काकांनी घरून रेघांचा कागद आणला होता. ट्रे कोरडा असल्याची पाहणी झाली, मणी मोजले गेले. मुलीला आधी शूला नेऊन आणलं, तशी नोंद झाली. घरात 'शू' हा उच्चार करण्यास मला मनाई करण्यात आली. मी दारापाशी उभी राहायची परवानगी मागितली. ती, पंचांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही या अटीवर, मिळाली.

मुकादम ट्रेशेजारी बसला. तीन पंच त्याच्याकडे बघत होते, तो पंचांकडे बघत होता. तीन माणसं टक लावून बघत असताना कोणाला होईल? तासभर गेला. मग काकांनी वेळ वाचवण्यासाठी मजकूर आधीच लिहून ठेवावा असं सुचवलं, आणि 'सदर बोक्याने आमच्या समक्ष, स्वेच्छेने' इथे गाडी अडली. नवऱ्याचं म्हणणं, 'स्वेच्छेने' काढा, त्याच्या इच्छेची आपल्याला काय खात्री? काका म्हणाले, त्याशिवाय पंचनामा टिकत नाही. सासूबाईंचा आक्षेप 'बोक्याने' यालाच होता. सरळ नाव लिहा, घरातला आहे तो. तिघंही कागदावर वाकले.

आणि तेव्हा मुकादम उठला, ट्रेमध्ये गेला, ऐटीत बसला. एक सलग, न अडखळणारी धार मण्यांवर पडली. एवढा गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"झाली," मी म्हणाले.

तिघांनी माना वर केल्या. तळं होतं, बोका पंजे झटकत बाहेर येत होता. पण करताना कोणी पाहिलं?

"मी पाहिलं."

"तुझं नको," नवरा म्हणाला. काकांनी त्याला दुजोरा दिला. ज्यांच्यावर पूर्वी ठपका आहे त्यांची एकट्याची साक्ष धरत नाहीत, सूनबाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. सासूबाई म्हणाल्या, परत बसवा त्याला. परत कुठून आणणार तो?

मुलगी स्टुलावरून उतरली, ट्रेपाशी गेली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी नाही. मूची आहे."

काकांनी तिचा जबाब जसाच्या तसा उतरवला. वाचून दाखवला. तिने खाली हिरव्या खडूने एक आडवी रेघ मारली आणि तिघांनी त्याखाली सह्या केल्या. डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोनदा वाचला, फाइलला लावला आणि बाटली मुकाट्याने तपासायला पाठवली.

रिपोर्टमध्ये थोडे कण निघाले. त्या सांगत होत्या की काळजी नको, औषधी खाण्याने जातील, आणि मला समजेना की मी इतकी आनंदाने का रडतेय. कागदावर डाग होता, म्हणजे तो बोक्याचाच होता. साफ आला असता तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?

फाइलवर आता त्यांनी लाल शाईने एक सूचना लिहून ठेवली आहे: 'पुढील नमुन्याच्या वेळी मुलीला विचारणे.' मालकीण म्हणून माझं नाव त्या फाइलवर आहे, पत्ता आहे, दोन फोन नंबर आहेत. मला काही विचारावं असं कुठेही लिहिलेलं नाही.